तिथी बघून धावा

पत्र : नमस्कार ताई. जूनमध्ये बदली होऊन सोलापूरहून रत्नागिरीला आले. बँकेत आहे, वय ३९. सोलापुरात पाच वर्षं रोज पहाटे पाच किलोमीटर धावत होते. मैदान सपाट होतं आणि बरोबर दोघी-तिघी असायच्या. इथे आल्यापासून सगळं बिनसलंय. घर चढावर आहे. रस्त्याला फूटपाथ नाही, वळणावर डंपर अंगावर येतो, कुत्री मागे लागतात. गेल्या महिन्यात एक मोटरसायकलवाला लागोपाठ दोन पहाटे हळूहळू मागून येत राहिला, तेव्हापासून मी जाणंच बंद केलं. समुद्रावर एकदा गेले तर मस्त रुंद वाळू होती. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी गेले तर पाय ठेवायला जागा नाही. ऑफिसातले म्हणतात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा, हवा छान असते. सासूबाई म्हणतात, बाईमाणसाने एकटीने जायचंच कशाला, घरात धावायचं मशीन आण. साडेपाच ते सात एवढाच वेळ माझा असतो. नक्की कुठे धावू? की मीच फार विचार करतेय?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही अजिबात फार विचार करत नाही आहात. दोन पहाटे कुणी मागे येतं आणि तिसऱ्या पहाटे बाई घरी थांबते, यात तिचं काही चुकलेलं नाही. त्या माणसाबद्दल पोलीस ठाण्यात लेखी देऊन ठेवा. गाडीचा रंग, वेळ, रस्ता, जेवढं आठवतंय तेवढं लिहा. पुन्हा दिसला तर घराच्या दिशेने वळू नका, घर कुठे आहे ते त्याला कळायला नको. दूध उतरवणारी गाडी, रिक्षा स्टँड, चहाची टपरी, जिथे उजेड आणि माणसं असतील तिथे जाऊन उभ्या राहा आणि ११२ लावा. मागे येण्यापलीकडे त्याने काही केलं नाही म्हणून फोन करायचा संकोच नको. एवढं कारण पुरेसं आहे.

आता जागेकडे वळते. सोलापुरात तुम्हाला एक मैदान बारा महिने पुरलं. कोकणात तसं होत नाही. इथे पाऊस जमीन बदलतो, समुद्र किनारा बदलतो, आणि त्यातही दर आठ दिवसांनी बदलतो. म्हणून एक जागा शोधू नका, तीन ठरवा आणि कधी कुठे जायचं ते कॅलेंडर बघून ठरवा. पण तिन्हींना एक अट लावा : तिथे तुम्हाला चेहऱ्याने ओळखणारं आणि एखाद दिवशी तुम्ही दिसला नाहीत तर ते ज्याच्या लक्षात येईल, असं कुणीतरी हवं. हवा, वाळू, सूर्यास्त हे सगळं त्याच्यानंतर.

ही अट मी पुस्तकात वाचलेली नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जुलैत मी सड्यावर एकटीच धावत होते. पाऊस उघडला होता, कातळावर हिरवळ पसरलेली, डबक्यांच्या कडेने इवली इवली फुलं. इतकं सुंदर की माझं लक्ष पायाखाली नव्हतं. ओल्या जांभ्यावर काळपट शेवाळ असतं, ते दगडाच्याच रंगाचं दिसतं. पाय सटकला आणि मनगटावर पडले. हाड मोडलं. फोनला रेंज नव्हती. गुरं घेऊन एक म्हातारे बाबा आले तोवर पाऊण तास मी तिथेच बसून होते. हाताच्या दुखण्यापेक्षा तो पाऊण तास मला जास्त आठवतो, कारण मी कुठे गेलेय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून ऑफिसातल्या मंडळींचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा. सड्यावरची हवा छान असते हे खरं, पण पहाटे साडेपाचला नवख्या माणसाने एकट्याने जायची ती जागा नव्हे. पावसाळ्यात शेवाळ. पाऊस गेल्यावर वाळकं गवत, आणि त्या गवतात, सुट्या दगडांखाली फुरसं. रत्नागिरीच्या कातळावर हा साप नवलाचा नाही. जेमतेम हातभर लांबीचा, मातकट रंगाचा, अंगाची वळी करून खवले एकमेकांवर घासतो तेव्हा करवतीसारखा खसखस आवाज येतो. अंधारात तो दिसत नाही, आणि कानात इअरफोन असतील तर ऐकूही येत नाही. मेच्या आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी विजा कडाडतात तेव्हा सपाट सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत तर उघड्यावर थांबू नका, मग सडा असो नाहीतर पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू.

सड्यावर जायचंच तर डिसेंबर-जानेवारीत, उन्हं आल्यावर, रविवारी, चौघींनी मिळून, मळलेल्या वाटेने जा. कातळशिल्पं असतील तिथे बूट घालून त्यांच्यावरून धावू नका. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली ही चित्रं हजारो वर्षं उन्हापावसात टिकली आहेत आणि २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. थांबून बघा, कडेने जा.

तुमच्या आठवड्यातल्या पाच दिवसांसाठी माझं उत्तर साधं आहे : मैदान. मारुती मंदिराजवळचं शिवाजी स्टेडियम आणि त्याच्या भोवतीचे उजेडाचे रस्ते. गोल गोल फिरायचा कंटाळा येईल, मान्य. पण साडेपाचची वेळ तुम्हाला बदलता येत नाही, आणि जानेवारीत इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे हिवाळ्यात तुमचं सगळं धावणं अंधारातच होणार. अंधारात उजेड आणि माणसं असलेली जागा मला कुठल्याही निसर्गापेक्षा मोलाची वाटते. पहिले दोन-तीन दिवस धावूच नका. नुसत्या चाला. कोण किती वाजता येतं, बायका कुठल्या वेळी असतात, कुठला कोपरा अंधारात राहतो, गेट कधी उघडतं, सामने कधी असतात, हे बघून घ्या. फिरायला येणाऱ्या दोन वयस्कर काकूंना रोज “नमस्कार” म्हणायला लागा. पंधरा दिवसांत त्या तुम्हाला विचारतील, “काल दिसला नाहीत?” हे विचारणारं कुणी मिळालं की तुमची जागा ठरली.

आता समुद्र. रुंद वाळू आणि पाय ठेवायला जागा नाही, या तुमच्या कोड्याचं उत्तर घरातल्या भिंतीवर टांगलेलं आहे. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. आमच्याकडे जुन्या माणसांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असायची आणि त्या पाऊणकीवर ती भरती सांगायची. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या आसपास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. द्वादशीला बारा पाऊणे नऊ. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, तिलाच इथे सुकती म्हणतात. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. नक्की वेळ हवी तर मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघा. पण कुठल्या आठवड्यात जायचं हे ठरवायला पाऊणकी पुरते.

तुमच्या सहाच्या वेळेला हे लावून बघा. अष्टमीला पहाटे सहालाच भरती, त्या दिवशी तुम्हाला मिळणार सुरूच्या झाडांच्या मुळांजवळची भुसभुशीत कोरडी वाळू. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणून पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप, आणि ओहोटी येते पहाटे पाच-सव्वापाचला. सहाला अंगण सारवल्यासारखी पुळण पसरलेली असते. आणि माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस त्याच्यापुढचे तीन-चार, प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत, कारण तेव्हा सहा वाजता पाणी उतरतं असतं. तुम्ही धावत असताना समुद्र मागे जात असतो. उतरत्या पाण्यावर जावं, चढायला लागलं की परतावं, हा नियम पाळा. उतरतंय की चढतंय हे ओळखायला सोपं आहे. लाटेच्या टोकाच्या वर ओला, चकाकणारा पट्टा दिसला तर पाणी उतरतंय. लाट थेट कोरड्या वाळूला भिडतेय असं दिसलं तर चढतंय.

कुठली पुळण, तर तुमच्यासाठी भाट्ये. सरळ, सपाट, दीडेक किलोमीटर, मागे सुरूचं बन आणि अलीकडे नारळ संशोधन केंद्र, दक्षिण टोकाला झरी विनायक. इथे तुम्ही कुठून कुठेही दिसू शकता, आणि म्हणूनच ती मला आवडते. मांडवीची काळी वाळू बघायला सुंदर आहे, पण धावायला लांबी कमी पडते. आरे-वारे डोळ्यांचं पारणं फेडेल, पण शहरापासून लांब, पहाटे निर्मनुष्य, तिथे घरच्यांबरोबर सुट्टीच्या दिवशी जा. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ मात्र जाऊ नका. तिथली वाळू सरकती असते, प्रवाह जोरात असतो आणि तो रोज जागा बदलतो. आणि कुठल्याही किनाऱ्यावर खडकाला वळसा घालून “पलीकडे काय आहे बघू” असं करू नका. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना छातीला लागतं.

पाय टाकण्याआधी वाळूची परीक्षा घ्या. ओल्या पट्ट्यावर टाच दाबून उभ्या राहा. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी फिकट झाली आणि ठसा बोटाच्या पेराएवढाही खोल गेला नाही, तर ती धावायची वाळू. ठशात लगेच पाणी भरलं आणि टाच रुतत गेली, तर थोडं वर सरका. कोरड्या वाळूत पिंढऱ्यांवर दुप्पट भार येतोय असं वाटतं, तिथे फार तर दोन-चार मिनिटं. पाण्याकडे उतार असला की एक पाय सतत खाली पडतो, मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. म्हणून ओहोटीला जिथे पुळण सगळ्यात सपाट असते त्या पट्ट्यात धावा आणि गेलात तेवढंच त्याच बाजूने परत या, म्हणजे दोन्ही पायांना सारखं होईल.

अनवाणी धावायचा मोह होईल. आधी बूट घालूनच धावा, शेवटची पाच मिनिटं बूट काढून, आणि तेही उजाडल्यावर. फुटके शिंपले, जाळ्याचे तुकडे, गळ, पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्यांच्या काचा अंधारात दिसत नाहीत. किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर त्याला पाय लावू नका. ते मेल्यासारखं दिसतं तरी त्याच्या दोऱ्या पोळतात. घरी आल्यावर बूट गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, खाऱ्या वाळूने शिलाई सहा महिन्यांत उसवते.

आत्ता दिवाळी झाली आहे, म्हणजे पुढचे चार महिने भाट्याचे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो कोरडा आणि गार असतो. सूर्य डोंगरामागून वर येतो, त्यामुळे पुळणीवर सावली रेंगाळते. संध्याकाळी खारा वारा तोंडावर, सूर्य डोळ्यांत, आणि गर्दी. तुमची पहाटेची वेळ तुम्हाला अडचण वाटते, पण समुद्रासाठी तीच उत्तम. फक्त पहिलं पाऊल उजेडात टाका. रविवारी घाई नसते, तेव्हा उजाडल्यावरच जा. मे महिन्यात शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा घोडागाडी आणि वाळूवरच्या मोटारींच्या आधी उरकून घ्या.

जून ते सप्टेंबर पुळणीला रामराम. मच्छीमारांच्या होड्याही जून-जुलैत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, यावरून काय ते समजा. पावसाळी समुद्र वाळू खाऊन टाकतो, किनारा उभा होतो, ओंडके वाहून येतात आणि एखादी लाट नेहमीपेक्षा पंधरा-वीस पावलं आत येते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात ते चार महिने वस्तीतल्या डांबरी रस्त्यांवर काढायचे. ही तुमची तिसरी जागा. पाखाडीवरून धावू नका, तिच्या पायऱ्या पावसाळ्यात साबणासारख्या होतात. भातखाचरांच्या चिखलातून भेगाळलेल्या पायांनी जाऊ नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप इथे दरवर्षी असतो. पावसाळ्यात ताप आला तर अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना चिखलात गेल्याचं सांगा.

रस्त्याचे माझे नियम कडक आहेत. महामार्गावर कधीही नाही, कितीही गुळगुळीत झाला तरी नाही. फूटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून. गाडी मागून येत असेल तर ती तुम्हाला दिसतच नाही. फक्त आपल्याकडच्या वळणांवर एक भर घाला. वळण उजवीकडे वळतंय आणि आतल्या बाजूला दरड किंवा दगडी कुंपणाचा गडगा आहे, तर समोरच्या डंपरवाल्याला तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. अशा वळणाआधी थांबा, आवाज ऐका, बाहेरच्या कडेला जा, वळण चालत पार करा आणि पुन्हा उजवीकडे या. काळे कपडे नकोत. पाठीवर आणि घोट्यांवर चमकणारी पट्टी असू द्या. घोटा हलतो म्हणून ती पट्टी चालकाला लांबून कळते. कान मोकळे ठेवा. उतारावर बारीक खडी असते, तिथे धावण्यात काही मिळवायचं नसतं, चालत उतरा.

कुत्र्यांचं काय करायचं ते सांगते, कारण घाबरून सगळेच उलटं करतात. कुत्रं धावून आलं की थांबा. पळालात तर ते मागे येणारच. हात अंगाशी, नजर त्याच्या डोळ्यांत नको, आणि तोंड त्याच्याकडे ठेवून एकेक पाऊल मागे जा. ज्या वाडीतून रोज जाता तिथली कुत्री आठ-दहा दिवसांत ओळखायला लागतात, विशेषतः तुम्ही त्यांच्यासमोरून चालत गेलात तर. एवढं करून चावलंच, नखाचा ओरखडा जरी आला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना काही नाही. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. साप चावला तर सरळ रुग्णालय. दोरी बांधणं, कापणं, चोखणं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून दाखवायची गरज नसते.

आणखी एक गोष्ट, जी सोलापूरहून आलेल्या माणसाला हटकून फसवते. सोलापूरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, इथे बत्तीस-तेहतीस. तुम्हाला वाटणार, इथे तर मजा. पण तिकडे घाम येतो तसा वाळतो आणि अंग गार होतं. इथे हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि आतली उष्णता आतच राहते. तुमचा वेग कमी झाला असेल तर त्याला हे कारण आहे, तुमची ताकद गेलेली नाही. पहिला महिना किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. शेजारी कुणी असेल तर बोलता येईल इतक्याच वेगाने पंचवीस-तीस मिनिटं. गरगरलं, घाम येता येता अचानक अंगावर काटा आला, मळमळलं, तर त्या क्षणी थांबा, सावलीत बसा, मानेवर पाणी ओता. परत आल्यावर मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत किंवा मीठ घालून भाताची पेज. शहाळं मिळालं तर उत्तमच.

मशीनचं थोडक्यात : पावसाळ्यापुरती भाड्याने मिळत असेल तर घ्या. विकत घेऊ नका. खाऱ्या हवेने गंजते आणि जोराच्या पावसात वीज नसते. शिवाय तुम्हाला बाहेर धावायचंय, हे तुमच्या पत्रातल्या रुंद वाळूच्या ओळीवरून मला कळलं.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना घेऊन चला. येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी स्कूटरवर मागे बसवा, पुलापलीकडे भाट्याला न्या, थर्मासमध्ये चहा द्या आणि सुरूखाली बसवा. तुम्ही झरी विनायकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत त्या तुम्हाला पूर्ण वेळ बघू शकतील. तुम्ही कुठे जाता ते त्यांनी एकदा डोळ्यांनी बघू दे. मग मैदानाच्या दिवशी निघताना त्यांना सांगायचं, “स्टेडियमवर चाललेय, सातला परत.” आणि सात म्हणजे सातला दारात हजर राहायचं. उशीर होणार असेल तर आपण फोन करायचा, त्यांचा आला तर धावता धावता उचलायचा.